दोनाची सवाई

गोळेगाव, ता. जुन्नर
२ नोव्हेंबर १९९८

प्रिय कन्हैया,

पाडव्यानंतर तू पाठवलेला करार पोचला. लिफाफा जाड होता, म्हणून साळू म्हणाली, "दिवाळीचं काय तरी धाडलं आसंल." फोडला तर आत कागद. आता मी नुसता सावळाराम पेंटर राहिलो नाही. तुझ्या 'भळगट पब्लिसिटी'चा 'स्वतंत्र कंत्राटदार' झालो, असं पहिल्याच ओळीत छापलंय. साळूला वाचून दाखवलं तर विचारते, "सोतंत्र म्हंजी पगार न्हाई, आसंच ना?" बाई शाळेत गेली नाही, पण कलम तिला माझ्याआधी कळलं.

घाटघरची पहिली भिंत उरकली. नाणेघाटाकडून असा वारा सुटला होता की ब्रश मी धरला होता का त्यानं मला धरलं होतं, ते सांगता येणार नाही. निळ्या जमिनीवर तुझ्या पाइप कंपनीचं नाव पांढऱ्यात असं बसलंय, की खालच्या वळणावरून दिसतं. घरमालकानं भिंत फुकट दिली. त्याबदली त्याच्या बैलजोडीची नावं गोठ्यावर रंगवून दिली, ते तुझ्या बिलात लावत नाही.

आता जरा कामाचं. मंचरच्या स्टँडवर उसाचा रस पिताना आपलं दोन रुपये चौरस फूट ठरलं. माझ्या ते पक्कं ध्यानात आहे. करारावर सही करण्याआधी तू तो वाचलास ना? दराची ओळ नजरेखालून गेली ना? उगाच विचारतोय असं समजू नकोस. फोनच केला असता, पण जुन्नरचा बूथवाला आपलं बोलणं कानात साठवतो आणि रविवारच्या बाजारात वाटतो.

आईंना नमस्कार सांग.

तुझा
सावळा


मंचर
११ नोव्हेंबर १९९८

प्रिय सावळा,

पत्र मिळालं. घाटघरचं ऐकून बरं वाटलं. कंपनीचा साहेब येत्या महिन्यात भिंती बघायला फिरणार आहे, त्याला आधी तीच दाखवतो.

पण तुझ्या पत्राचा शेवट मी पुन्हा पुन्हा वाचला. शाळेपासून ओळखतो तुला. तुला सरळ मागता येत नाही, तू आडून आडून येतोस. दराची ओळ वाचलीस का, म्हणजे काय? दर कमी वाटायला लागला, असंच ना? मग ऐक. कंपनी मला फुटाला सव्वादोन देते. त्यातले दोन तुझे. उरलेल्या चार आण्यांत जीप, ऑफिसचं भाडं आणि साहेबाची जेवणं. रंग कंपनीचा, हात तुझा, डोकेदुखी माझी. एकूण काम बारा हजार फुटांचं. तुझा दर चार आण्यांनी जरी वाढवला तरी माझ्याकडे फक्त डोकेदुखी उरेल.

तेव्हा दोन म्हणजे दोन. शब्द दिलाय तो दिलाय. कागद कसले बघत बसतोस, भिंती बघ. घाटघर झालं, आता तळेघर धर. तिकडे एस.टी. दिवसाला मोजक्याच, चुकली तर चालावं लागेल. तंगड्या शाबूत आहेत ना?

आई जुन्नरलाच आहे. तिला मंचर मानवत नाही, म्हणते इथल्या हवेला चव नाही.

तुझा
कन्हैया


मुक्काम तळेघर, ता. आंबेगाव
२४ नोव्हेंबर १९९८

कन्हैया,

प्रिय लिहिलं नाही, कारण आज तसं वाटत नाही.

दोन म्हणजे दोन, असं तू लिहितोस. मग तूच सही करून पाठवलेल्या करारात अडीच का लिहिलंय? सगळा कागद छापील, फक्त दराची जागा मोकळी, आणि तिथं शाईनं ठळक 'रु. २.५०'. मी सरळ विचारायला हवं होतं, पण वाटलं, तुझ्याकडून चूक झाली असेल तर तू आपण होऊन सांगशील. मोकळी वाट करून दिली होती तुला. तर तू लिहितोस, कागद बघू नकोस, भिंती बघ!

असला कागद मी पहिल्यांदा बघत नाही. पाच वर्षांपूर्वी पुण्याच्या एका एजन्सीनं माझी तीन रुपयांवर सही घेतली आणि हातावर दीड ठेवला. वर कंपनीला तीनचं बिल. पुढं चौकशी लागली तेव्हा एजन्सीवाला म्हणाला, "तीन याच पेंटरनं नेले, ही बघा सही." दीड वर्ष मला कुणी भिंत दिली नाही. मी शेतावर कांदे काढत बसलो. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो.

तुलाही तेच करायचंय का? कंपनी सव्वादोन देते हे तू सांगतोस, मी कुठं तिचा कागद बघितलाय? आणि त्या अडीचवर लाल डाग कसला? आकड्यावर अर्धा चढलाय. आधीचं काही खोडून त्यावर झाकण घातलंय का? कन्हैया, धंदा पाइपचा आहे खरा, पण पाणी भलतीकडेच मुरतंय.

इथं भाताची झोडणी चालली आहे. सगळं गाव खळ्यावर, मी एकटा भिंतीपुढं. कंपनीच्या नावातली पहिली दोन अक्षरं झाली आहेत. पुढची तुझं उत्तर आल्यावर. तोवर ब्रश घासलेटात.

सावळाराम


मंचर
२ डिसेंबर १९९८

सावळाराम,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं, मग घाम फुटला. मी लगेच कपाटातून माझ्याकडची प्रत काढली. दोन प्रती होत्या, एक तुझी, एक माझी. माझ्या प्रतीत माझ्या स्वतःच्या अक्षरात 'रु. २.००' लिहिलंय. डाग नाही, खाडाखोड नाही. एकाच दिवशी एकाच गठ्ठ्यातून निघालेल्या दोन कागदांत अर्ध्या रुपयाचा फरक कसा पडतो? माझ्याकडचा कागद कपाटात होता. तुझ्याकडचा तुझ्याकडे होता.

लाल डाग कसला, असं तू मला विचारतोस? अरे, लाल रंगात बुडालेली बोटं कुणाची असतात? माझी तर शाईनंसुद्धा भरत नाहीत. सातवीत तू हेडमास्तरांची सही अशी काढायचास की खुद्द त्यांनाच ओळखायची नाही. तेव्हा मीच टाळ्या वाजवल्या होत्या. आता वाजवत नाही.

आधी विचारायचं, दर बघितलास का. मी दोन म्हटल्यावर आरडाओरडा, की अडीच कसे. याला आमच्या बाजारात चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात. उद्या हा कागद घेऊन तू कोर्टात गेलास तर बारा हजार फुटांवर मला घरातून भर घालावी लागेल, हे तुला पक्कं माहीत आहे. मागच्या पत्रात मीच तो हिशेब तुला मांडून दिला, मूर्ख मी.

तुझ्याकडची प्रत ताबडतोब पाठव. मी बघतो.

कन्हैयालाल


गोळेगाव
१४ डिसेंबर १९९८

कन्हैयालालशेठ,

प्रत पाठवत नाही. अस्सल कागद एकदा तुझ्या हातात गेला की माझ्याकडे काय उरणार? घोडेगावात झेरॉक्स काढून सोबत जोडली आहे. त्यात लाल डाग काळा आला आहे, तुझ्या मनासारखा.

हेडमास्तरांच्या सहीचं बरं आठवलं तुला. ती सही मी तुझ्याच गैरहजेरीच्या चिठ्ठीवर केली होती, तू तमाशाला पळाला होतास म्हणून. ते लिहायला विसरलास.

माझ्याकडे दोन एकर कोरडवाहू जमीन आहे आणि हा उजवा हात. जमिनीवर भावकी हक्क सांगते, हातावर आजवर कुणी सांगितला नव्हता. लोक मला भिंत देतात ती या हाताकडे बघून. तोच हात आकडे बदलतो असं तू लिहिलंस. तुझं ते पत्र कुणाच्या हाती लागलं तर मी पुन्हा कांद्यात. तुला हे कळत नव्हतं असं म्हणू नकोस. तुमच्या जुन्नरच्या दुकानाच्या पाटीवर तुझ्या वडिलांचं नाव मी रंगवलं तेव्हा मिसरूडही फुटलं नव्हतं मला. ते पाटीखाली उभे राहून रडले होते. ती पाटी अजून आहे. तीही खोटी आहे का, ते उतरवून तपास.

साळूला सांगितलं नव्हतं. तिनं माझ्या न जेवण्यावरून ओळखलं. म्हणाली, "कन्हैयाभाऊ आसं बोलायचे न्हाईत. कुणी तरी कान भरलं आसत्याल." मी म्हटलं, कान त्याचे स्वतःचेच भरलेले आहेत.

काम बंद. घाटघरच्या भिंतीचे पैसेही नकोत.

सावळाराम बोऱ्हाडे


भळगट पब्लिसिटी, मंचर
२८ डिसेंबर १९९८

श्री. सावळाराम बोऱ्हाडे, गोळेगाव, यांस,

कंपनीच्या अधिकाऱ्यांनी दिनांक २४ रोजी तळेघर येथे पाहणी केली असता भिंतीवर कंपनीच्या नावाची केवळ दोन अक्षरं आढळली. ग्रामस्थ ती वाचून हसतात, असा अधिकाऱ्यांचा शेरा आहे. एजन्सी काढून घेण्याबद्दल मला तोंडी ताकीद मिळाली आहे.

आपण १५ जानेवारीपर्यंत मूळ करार सादर करून काम पूर्ण न केल्यास करार रद्द समजण्यात येईल. तसंच करारातील दराच्या फेरफाराबाबत पुण्यातील इतर एजन्सींना कळवणं मला भाग पडेल.

कळावे.

क. भळगट


जुन्नर
४ जानेवारी १९९९

चिरंजीव कन्हैयाला आईचा आशीर्वाद.

डोळ्यांनी लांबलचक लिहवत न्हाई, म्हणून हे पत्र मी सांगते आणि रिद्धी लिहिते. तिला बजावलंय, मी बोलेन तसंच लिही, तुझ्या शाळेतली मराठी त्यात घालू नको. ती पोर नातीपेक्षा वकील जास्त आहे.

काल रविवारचा बाजार. साळूबाई कोथिंबीर घेऊन दारावरून चालली व्हती. मी हाक मारली. एरवी ती ओसरीवर बसल्याशिवाय जात न्हाई. काल पाणीसुद्धा घेईना. मी म्हटलं, "अगं, मुहूर्ताची भिंत कशी काय झाली? अडीच रुपये फूट मिळालं ना सावळ्याला?" तर ती रडायलाच लागली. मग सगळं कळलं मला. माझ्या पोटच्या पोरानं त्या पोराला चोर ठरवलाय, आणि त्या पोरानं माझ्या पोराला.

आरे वेड्या, ते अडीच मी लिहिलं.

पाडव्याला वह्यांच्या पूजेत तू तुझे मंचरचे कागद ठेवलेस. तू अंघोळीला गेलास तेव्हा मी बघितलं, वरच्याच कागदावर सावळ्याचं नाव आणि दराची जागा मोकळी. आदल्या दिवशी जेवताना तूच म्हणाला व्हतास, सावळ्याचं दोन रुपयांनी ठरलंय. तुझे बाबूजी पाडव्याला शेतकऱ्याचं पहिलं पोतं नेहमी सवाईनं, सव्वापट भावानं घ्यायचे, आठवतं का? भाव दोन असला तर अडीच. घरातल्या मोठ्यानं आकडा लिहायचा आणि त्याच्यावर कुंकवाचं बोट लावायचं. ते गेल्यापास्नं कुणी केलं न्हाई. म्हटलं, पोरगं नवीन धंद्यात पडलंय, सौदा आपल्याच माणसाशी, शकुन करावा. दोनाची सवाई लिहिली आणि बोट लावलं. तुला सांगणार व्हते, पण बाहेर जीपवाला भोंगा वाजवत बसलेला. तू ओल्या केसानं कागद गोळा केलेस आणि पळालास. अंघोळ करून माणूस देवाला तरी थांबतो.

सवाई पहिल्या पोत्याला असती. दुसऱ्या पोत्याला बाजारभाव. हे शेंबड्या पोराला कळतं. तुमच्या छापील कागदात पहिलं पोतं आणि शेवटचं पोतं एकाच ओळीत येतं, हे मला काय ठाऊक? पण ती चूक माझी. तुमची चूक त्याहून मोठी. लाल डाग बघून एकाला लबाडी दिसली, दुसऱ्याला रंग दिसला. कुंकू कुणालाच दिसलं न्हाई.

दिवस बुडायच्या आत मी तुम्हा दोघांना एका ताटात वाढत व्हते. तो शाळेतून उशिरा यायचा म्हणून तू उपाशी थांबायचास. ते ताट आहे माझ्याकडं अजून. त्याला घरी पाठव, न्हाई तर तू जा. मला मध्ये घालू नको.

तुझी आई
(आजीनं जसं सांगितलं तसंच लिहिलं आहे. रिद्धी)


मंचर
६ जानेवारी १९९९

प्रिय सावळा,

आईच्या पत्राची झेरॉक्स सोबत आहे. या वेळी अस्सल मी ठेवतो, कारण इतकं रागवलेलं पत्र मला आयुष्यात दुसरं मिळणार नाही.

झालं ते असं. जीपमध्ये बसल्यावर मी दोन्ही प्रती काढल्या. एक भरलेली दिसली. वाटलं, कालच भरली असेन. दुसरी मोकळी होती, तिच्यात दोन लिहिले आणि दोन्हींवर सह्या ठोकल्या. वाचलं काहीच नाही. दुसऱ्या कुणाचा कागद असता तर वाचला असता. तुझं नाव होतं म्हणून वाचला नाही.

तुझ्या हाताबद्दल जे लिहिलं ते लिहायला नको होतं. नुसतं चुकलं म्हणून भागणार नाही, हे कळतंय मला. पाटीबद्दलचं तुझं वाक्य वाचलं त्या दिवशी रागावून मी ते नोटिशीचं पत्र लिहिलं. काल जुन्नरला जाऊन पाटीखाली उभा राहिलो. बाबूजी तिथं का रडले ते आत्ता समजलं. पुण्याला मी कुणालाच काही कळवलं नव्हतं, नुसती धमकी होती. साहेबाला सांगून आलोय की चूक माझ्या ऑफिसची आहे, पेंटरची नाही.

नवा करार पाठवतोय. दोन प्रती. सही करण्याआधी एकेक ओळ वाचली, तीन वेळा. तुझं नाव असलेला कागद मला वाचावा लागला याचं फार वाईट वाटलं, सावळा. दराची जागा दोन्हींत मोकळी सोडली आहे. तू लिही. तू जो आकडा लिहिशील तो मला मान्य आहे, माझी सही आधीच खाली आहे. मुहूर्ताच्या भिंतीचे वरचे पैसे माझ्या खिशातून. ते आईचं देणं आहे, नको म्हणू नकोस.

तुझा
कन्हैया


गोळेगाव
१३ जानेवारी १९९९

प्रिय कन्हैया,

खरं सांगू? दराची जागा मोकळी आणि खाली तुझी सही, हे बघून पहिला विचार मनात आला, यात काय डाव असेल? कागद दिव्याजवळ धरून पाठपोट बघितला. साळू चुलीपुढून म्हणाली, "झालं का समाधान? का आता कागद चाखून बगताय?" मला माझीच लाज वाटली. तू माझ्या हातावर संशय घेतलास, तो मी घरभर सांगत फिरलो. मी तुझ्या इमानावर घेतला, तो कुणाला सांगितला? तळेघरच्या भिंतीवर दोन अक्षरं लोंबकळत ठेवून तुझी एजन्सी घालवायला निघालो होतो. मीही चुकलो. आपण दोघं एकमेकांना लई ओळखतो राव, तिथंच घोटाळा झाला.

काल सकाळी तळेघरची भिंत पुरी केली. उरलेली अक्षरं लिहिताना खळ्यावरची सगळी मंडळी येऊन उभी राहिली. एक म्हातारा म्हणाला, "पावणं, आमाला वाटलं तुमचं शिक्षाण तेवढंच झालंय." मी म्हटलं, शिक्षण झालं होतं, अक्कल यायची होती.

दर मी लिहिला नाही. तू लिहायचा नाहीस, मी लिहायचा नाही, मग लिहिणार कोण? दुपारची एस.टी. धरून कागद घेऊन जुन्नरला आईंकडे गेलो. उन्हं होती तोवर त्यांनी जेवायला बसवलं. तेच ताट काढलं. तुझ्या बाजूला वाटी ठेवली आणि म्हणाल्या, "त्याची बाजू भरू नगं, तो येईल." मी माझी बाजू चाटूनपुसून संपवली, न जेवता उठायची टाप नव्हती.

मग कागद डोळ्यांजवळ नेऊन त्यांनी विचारलं, "किती लिहू?" मी म्हटलं, पहिल्या भिंतीला अडीच, पुढच्या सगळ्यांना दोन. दोन्ही प्रतींत तसंच, शब्दांत आणि आकड्यांत. लिहून झाल्यावर म्हणाल्या, "आता बोट लावायला पायजे." कुंकवाचा करंडा वर देवघरात, त्यांचे गुडघे दुखतात, रिद्धी शाळेत, आणि रंगानं भरलेल्या कपड्यांत मला देवघरात शिरवेना. माझ्या पिशवीत लाल रंगाचा डबा होता. त्यांचं बोट मी त्यात टेकवलं आणि मग घासलेटनं पुसून दिलं. त्या म्हणाल्या, वास लई वाईट आहे तुझ्या धंद्याला.

दोन्ही प्रती सोबत पाठवतोय, माझी सही करून. माझी प्रतही तूच ठेव. आणि दराशेजारी लाल डाग दिसेल. या वेळी तो खरंच माझ्या रंगाचा आहे. ऑइलपेंट आहे, जाणार नाही.

तुझा
सावळा